दुकानात चालतो, घरी चालत नाही

सुभेदार हंबीररावांचा कॉम्प्युटर ज्या रविवारी बंद पडला, त्याच रविवारी सकाळी तो आयुष्यात पहिल्यांदा आतून स्वच्छ झाला होता. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध असेल, अशी शंका साताऱ्याच्या गोडोलीतल्या एकाही माणसाला आली नाही. खुद्द हंबीररावांना तर ती येणं शक्यच नव्हतं. सफाईने वस्तू बिघडते असं कुणी म्हणालं असतं, तर अठ्ठावीस वर्षं पलटणीत काढलेल्या या माणसाने म्हणणाऱ्याची आधी वैद्यकीय तपासणी करून घेतली असती.

कॉम्प्युटर नऊ वर्षांचा. हंबीरराव माजी सैनिक मंडळाचे सचिव, त्यामुळे मंडळाची पत्रं, अर्ज, सभेच्या नोटिसा सगळं त्याच्यावर चालायचं. मुलगा धैर्यशील पुण्याहून फोन करून "बाबा, लॅपटॉप घ्या" म्हणायचा. मांडीवर घेऊन करतात ते लाड, काम नव्हे, असं हंबीररावांचं मत होतं. अलीकडे पंखा घरघरायला लागला म्हणून त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक दाढीवाला पोरगा सांगत होता, की वर्षातून एकदा तरी कॅबिनेट खोला, धूळ काढा, आतली रॅम काढून साफ करा आणि परत बसवा. नऊ वर्षं आपल्या ताब्यातली वस्तू आपण खोलून पाहिली नाही, या विचाराने हंबीररावांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

रविवारी त्यांनी व्हरांड्यात पांढरी चादर अंथरली. सुटे भाग डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने मांडले. रॅम म्हणजे करंगळीएवढ्या रुंदीची एक हिरवी पट्टी, खालच्या काठाला सोनेरी दातांची रांग. ती त्यांनी ब्रशने झाडली, फलालीनच्या चिंदीने पुसली आणि मग कुठल्याही सैनिकाचा हात जे आपोआप करील ते केलं: तेलाचा हलका हात दिला. रायफलचं तेल नागरी जीवनात मिळत नाही, म्हणून बायकोच्या, मनुबाईंच्या, शिवणयंत्राची कुपी घेतली. व्हिडिओत तेलाचा उल्लेख नव्हता हे खरं. पण अंगात कपडे घालून बसा असंही व्हिडिओत सांगितलेलं नव्हतं. काही गोष्टी गृहीत असतात.

सगळं जोडून बटण दाबलं. पंखा आता अजिबात घरघरला नाही. फक्त आतून तीन बीप वाजले आणि पडदा काळाच राहिला.

अर्ध्या तासात शेजार गोळा झाला. शेजार म्हणजे दोन माणसं, पण वजनदार. डावीकडचे हरिबा एस.टी.त ड्रायव्हर होते. त्यांनी कॅबिनेटभोवती एक चक्कर मारली आणि खाली वाकून पाहिलं.

"बॅटरीतलं पानी आटलं आसंल," ते म्हणाले.

"ह्याला बॅटरी नस्ती, हरिबा."

"बॅटरीच न्हाई? मग लय अवघड हाय गड्या. धक्का मारून बी चालू व्हायाचा न्हाई."

उजवीकडचे गंगाधरपंत जिल्हा परिषदेतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी यंत्राकडे पाहिलंच नाही. "बीप नेमके किती? वेळ काय? लिहून ठेवलंत का?" असं विचारून ते घरी गेले आणि एक कोरी फाइल घेऊन आले. पहिल्या पानावर नोंद झाली: सकाळी अकरा चाळीस, बीप तीन, साक्षीदार दोन. बिघाड कुठलाही असो, तो कागदावर आला की अर्धा सुटतो, असं पंतांचं म्हणणं. उरलेला अर्धा कसा सुटतो हे पाहायची वेळ त्यांच्या नोकरीत कधी आली नव्हती.

राधिका रोडवर यशराजचं कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं दुकान होतं. शिरवळच्या कारखान्यातली नोकरी सोडून त्याने आठ महिन्यांपूर्वी ते टाकलं. फीत हंबीररावांनीच कापली होती, आणि त्याच दिवशी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या होत्या: पोरगा आपला आहे, काम सच्चं आहे. ग्रुपवर चारशे बारा माजी सैनिक. त्यांतल्या ज्यांच्या घरी म्हणून कॉम्प्युटर, प्रिंटर किंवा नुसती वायर होती, ते सगळे यशराजकडे जायला लागले. हंबीररावांचा शब्द म्हणजे तिथे बाजारभाव होता. यशराजचं निम्मं दुकान त्या दोन ओळींवर उभं होतं, आणि हे त्याला आणि त्याच्या आईला चांगलं ठाऊक होतं.

यशराजने तीन बीपचं ऐकून लगेच सांगितलं, "रॅम गेली आसंल काका." जुन्या पद्धतीची रॅम शोधून काढली, दुकानातल्या यंत्रात लावून दाखवली. चालली. हंबीररावांनी ती घरी आणली, पाकीट फोडलं आणि तेलाचा हलका हात दिला. कोरं हत्यार कोरडं वापरू नये, हे रंगरूटालाही कळतं. बटण दाबलं. तीन बीप.

आता परत करायचं तर त्याचीही रीत आहे. स्टोअरचं सामान स्टोअरला परत देताना ते पुसून, कोरडं ठणठणीत करून द्यायचं, नाहीतर स्टोअरवाला अंगावर धावून येतो. हंबीररावांनी रॅम चिंदीने तीनदा पुसली, पाकिटात घातली आणि यशराजपुढे ठेवली. यशराजने लावून पाहिली. चालली.

"हितं तर चालतीय काका."

"घरी चालत न्हाई."

"मग मदरबोर्डची खाच गेली आसंल."

आणि इथून पुढे हा मामला हंबीररावांच्या हातात राहिला नाही. जुना मदरबोर्ड बाजारात मिळेना. नवा घ्यायचा तर त्यावर जुना प्रोसेसर बसेना. नव्या प्रोसेसरला नव्या पद्धतीची रॅम लागली, तिघांना मिळून जुना पॉवर सप्लाय पुरेना, आणि हे सगळं जुन्या कॅबिनेटमध्ये मावेना. बटण लावायला शिंप्याकडे गेलेला माणूस सूट शिवून परत यावा, त्यातली गत.

निवडीला दोन तास लागले. पंत फाइल घेऊन स्टुलावर बसले होते.

"काका, गेम खेळणार?" यशराजने विचारलं.

"कोन, मी?"

"व्हिडिओ एडिटिंग?"

"अर्ज लिव्हनार. आन् नोटिसा."

"मग ह्यो प्रोसेसर बास हाय."

हंबीररावांनी भिंतीवरची यादी वाचली. त्यात यशराजने दाखवलेला सगळ्यात खाली होता. "सुभेदाराला सगळ्यात खालचा व्हय रं?"

"प्रोसेसर रँकनं न्हाई घ्यायचा काका, कामानं घ्यायचा."

हंबीररावांना ते पटलं, पण आवडलं नाही. शेवटी त्यांनी खालून दुसरा घेतला. मग रंगीबेरंगी दिव्यांचं कॅबिनेट निघालं. हे दिवे कशासाठी, असं त्यांनी विचारलं. शोभेसाठी, असं कळल्यावर त्यांनी ते दूर सारलं, कारण दिव्याने अंधारात आपलं ठिकाण शत्रूला दिसतं. गोडोलीत शत्रू कोण, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

यशराजने सगळं जोडलं, चालवून दाखवलं, अर्ज टाइप करून छापूनही दिला. हंबीरराव यंत्र घरी घेऊन आले. आणि दुसऱ्याने जोडलेलं हत्यार स्वतः खोलून पाहिल्याशिवाय वापरात आणायचं नाही, हा नियम असल्यामुळे त्यांनी चादर अंथरली.

तीन बीप.

पुढच्या आठवड्यात कॅबिनेट तीनदा दुकानात गेलं आणि तीनदा घरी आलं. जाताना पुसून कोरडं, आल्यावर खोलून तेल. दुकानात चालायचं, घरी चालायचं नाही. हरिबांनी अर्थिंगचं निदान केलं. अंगणात खड्डा खणून त्यात मीठ आणि कोळसा पुरून झाला. मग कॉम्प्युटरचं तोंड दक्षिणेला आहे असं निघालं. टेबल फिरवताना मनुबाईंच्या तुळशीच्या कुंडीचा कान उडाला. मनुबाईंनी यंत्रावरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या, तेव्हा त्यातली एक मोहरी आत गेली आणि ती काढायला पुन्हा चादर अंथरावी लागली.

"घरी येऊन एकदा बघू द्या काका," यशराज चौथ्या खेपेला म्हणाला. "तुमी काय करताय ते माझ्या डोळ्यांनी बघतो."

हे वाक्य वाईट वेळी पडलं. शनिवारची संध्याकाळ, दुकानात आठ-दहा गिऱ्हाईकं, त्यांतली चार मंडळाचीच. तुम्ही काय करताय! हंबीररावांच्या कानशिलावरची शीर उडायला लागली.

"आमी काय करतोय?" त्यांनी विचारलं. हा आवाज एके काळी अख्ख्या परेड मैदानाला पुरत असे. राधिका रोड त्या मानाने अरुंद. समोरच्या मिठाईवाल्याच्या हातातली जिलेबी तेलाऐवजी पाकात पडली. "आमी काय करतोय? तू काय करतोस ते सांग! दुकानात चालनारा माल दावायचा आन् पिशवीत दुसराच भरायचा! जवानास्नी भंगार इकतोस! लाज वाटत न्हाई?"

"काका, माझं जरा ऐका..."

"ऐकायचं ते ऐकून झालं!"

घरी आल्यावर त्यांनी नेहमीसारखं कॅबिनेट खोलून तेल दिलं, तीन बीप ऐकले आणि ग्रुपवर लिहिलं: "राधिका रोडवरील सदर दुकानदार सदोष माल देतो. त्याच्याशी कुणीही व्यवहार करू नये." खाली नाव, हुद्दा. पाच मिनिटांत एकशे चाळीस जणांनी "जय हिंद साहेब" कळवलं. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मनुबाईंना त्याच वेळी आठवली होती, पण त्यांनी ती भाकरीखाली दाबून ठेवली.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर सांगलीला होतं. पंत म्हणाले, आता हे प्रकरण आहे आणि कॅबिनेट हा मुद्देमाल. मुद्देमाल आहे त्या स्थितीत हजर करायचा असतो, हात लावायचा नाही, पुसायचाही नाही. त्यांनी कॅबिनेटला सुतळी बांधली, चार ठिकाणी लाखेचे ठसे दिले आणि दोघांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवली. हंबीररावांना न पुसता सामान न्यायची लाज वाटत होती, पण कायद्यापुढे त्यांनी मान तुकवली.

एस.टी.च्या कंडक्टरला लाखेचे ठसे पाहून वेगळाच संशय आला. "बॉक्समधी काय हाय?"

"कॉम्प्युटर."

"बॅटरी आसंल तर चालत न्हाई."

"बॅटरी नाही," पंत म्हणाले. "आणि असती तरी कुठल्या नियमाने चालत नाही, ते दाखवा."

कंडक्टरने नियम दाखवला नाही, सामानाचं तिकीट फाडलं. पंतांनी ते कुठल्या वर्गवारीत फाडलं ते विचारलं. कराडपर्यंत हा संवाद चालला. कराडला कंडक्टर बदलला तेव्हा जाणाऱ्याने येणाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि पुढे सांगलीपर्यंत त्यांच्या सीटकडे कुणी फिरकलं नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये टोकन सत्तेचाळीस. काउंटरवर श्रद्धा नावाची मुलगी होती. तिने बिल पाहिलं, वॉरंटीचं कार्ड पाहिलं, लाखेचे ठसे जरा जास्त वेळ पाहिले.

"मदरबोर्डचा मूळ खोका?"

"घरी हाय."

"त्यावरचा नंबर लागेल. फोटो चालेल."

हंबीररावांनी मनुबाईंना फोन लावला. "त्या खोक्यात सांडगं भरल्यात," मनुबाई म्हणाल्या. "ओतून दावू का तसंच?" "तसंच दाव." फोटो आला. श्रद्धाने तो मोठा करून सांडग्यांच्या वरच्या बाजूचा नंबर वाचला आणि चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता नोंदवून घेतला. पंतांना ती मुलगी फार पुढे जाईल असं वाटलं.

आतल्या टेबलावरच्या मेकॅनिकने सुतळी कापली, लाख फोडली, झाकण काढलं आणि तो थांबला. पंचेचाळिशीचा, ताठ कण्याचा माणूस. त्याने वाकून वास घेतला. मग रॅम उपसून उजेडाला धरली, बोटाने सोनेरी दात चाचपले आणि बोट अंगठ्यावर चोळलं. मग त्याने वर पाहिलं आणि हंबीररावांच्या मिशा, बूट आणि उभं राहणं नीट न्याहाळलं. तो खुर्चीतून उठला.

"साब, पलटन कुठली?"

हंबीररावांनी सांगितली. तो ताडकन सावधान झाला. "नायक जयराज, ई.एम.ई., साब. सोळा साल."

ई.एम.ई. म्हणजे फौजेतली बिघाड दुरुस्त करणारी शाखा. यंत्र समजणारा माणूस आणि तोही फौजी, म्हणून हंबीररावांना बरं वाटलं. जयराजची मात्र पंचाईत झाली होती. नायकाने सुभेदाराला चूक दाखवायची म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्यालाच ती पंचाईत कळेल.

"साब, मशिन लय झकास ठेवलंय," तो म्हणाला. "आसं साफ कॅबिनेट ह्या टेबलावर आजवर आलं न्हाई."

"मग?"

"एकदम टापटीप, साब."

"ते झालं. मग चालत का न्हाई?"

जयराजने भिंतीकडे पाहून सांगितलं. "साब, ह्याला तेल चालत न्हाई."

जयराज हळू आवाजात बोलत राहिला. हे सोनेरी दात खाचेतल्या दातांना थेट टेकले पाहिजेत, त्यातून वीज इकडून तिकडे जाते. मध्ये तेलाचा थर आला, त्यावर चिंदीचे तंतू बसले, की दात टेकतच नाहीत. मशीनला वाटतं रॅम नाहीच, आणि ते तीनदा ओरडतं. त्याने खिशातून शाळकरी पोरांचं खोडरबर काढलं, दात घासले, खाच साफ केली, बटण दाबलं. एक बीप. पडदा उजळला.

हंबीररावांनी त्या पडद्याकडे पाहिलं. "परत लाव तेल," ते म्हणाले.

"साब?"

"लाव."

जयराजने यंत्र बंद करून तेल लावलं. तीन बीप. रबराने घासलं. पडदा उजळला. असं तीन वेळा झालं, आणि तिसऱ्या वेळी पंतांनी फाइलमध्ये नोंद करायला पेन काढलं, तेव्हा हंबीररावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पेन परत खिशात गेलं. घरी तेल, जाताना पुसून कोरडं. म्हणजे पोरगा पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता.

जयराजने दुरुस्तीच्या कागदावर बिघाडाच्या कारणापुढे पेन टेकवलं, पुन्हा उचललं आणि लिहिलं: दमट हवा.

"उत्तम!" पंत म्हणाले. बाहेर आल्यावर त्यांनी सविस्तर समजावलं. आता कुणाचाच दोष नाही. हवेचा आहे. ग्रुपवर एवढंच टाकायचं, की विषय मिटला. त्या यशराजचं आणि आपलं काय ते नंतर हळूहळू आपोआप होतं, प्रकरणं अशीच बंद होतात. हंबीरराव कॅबिनेट उचलून स्टँडकडे चालायला लागले. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्याशेजारी राहणाऱ्या माणसाने दमट हवेचं कारण सांगायचं, हेही त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

बस कासेगावच्या पुढे आल्यावर फोन वाजला. ग्रुपवर पृथ्वीराज नावाच्या एका हवालदाराचा संदेश होता. "साहेब, नातवाचा कॉम्प्युटर त्या दुकानात बुक केला होता, तो रद्द केला. कोंडीबानेही प्रिंटर परत दिला. आमच्या गल्लीतून आता कुणी जात नाही. आदेशाचं पालन झालं. जय हिंद." खाली त्रेसष्ट अंगठे.

हंबीररावांना आयुष्यात प्रथमच वाटलं, की आपलं कुणी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि फाशी इतक्या शिस्तीत पार पडली होती की कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. त्यांना लाज वाटली. मांडीवर यंत्र धरून ते साताऱ्यापर्यंत तसेच बसून राहिले.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी मनुबाईंना सगळं सांगितलं. मनुबाईंनी ऐकून घेतलं आणि आमटी वाढली.

"फोनवर माफीचं लिव्हतो," हंबीरराव म्हणाले.

"आवं, वरडताना भर बाजारात वरडलात," मनुबाई म्हणाल्या, "आन् माफी फोनात व्हय?"

म्हणून शनिवारी संध्याकाळी, त्याच वेळेला, हंबीरराव ब्लेझर आणि पदकं घालून राधिका रोडला गेले. भर गर्दीत बोललो, तर भर गर्दीत शब्द मागे घ्यायचा, एवढा हिशेब त्यांचा पक्का होता. पण समोरच्या फुटपाथवरून त्यांनी पाहिलं, तर दुकानात गर्दी नव्हती. गर्दीच काय, माणूस नव्हता. यशराज एकटाच काच पुसत होता, आणि जिथे पुसून झाली होती तिथेच पुन्हा पुसत होता. माफी मागायला लागणारी गर्दी हंबीररावांनी स्वतःच हटवली होती. ते तसेच मागे फिरले.

घरी येऊन त्यांनी ग्रुपवर हुकूम सोडला: उद्या, रविवार, संध्याकाळी सहा. राधिका रोड, यशराजच्या दुकानासमोर. फॉल इन. कारण लिहिलं नाही.

त्रेचाळीस जण आले. काही लांबच्या गावांहून, एक जण गुडघ्याला पट्टा बांधून. तीन रांगा झाल्या आणि राधिका रोड बंद पडला. एक ट्रॅफिक हवालदार शिट्टी वाजवत आला, तेव्हा पंतांनी फाइल उघडून पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोहोच दाखवली. अर्जावर परवानगी मिळाली नव्हती, पण पोहोच मात्र शिक्क्यासह होती. ती वाचून होईपर्यंत तो हवालदारही शेवटच्या रांगेच्या कडेला उभा राहिल्यासारखा दिसायला लागला.

यशराज दारात आला. त्रेचाळीस माणसं पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला वाटलं, आता दुकान फोडणार.

हंबीरराव रांगांपुढे आले. आवाज तोच होता.

"ह्या दुकानदाराला मी चोर म्हनालो! ते खोटं व्हतं! त्याचा माल चांगला व्हता! मी त्येला तेल लावून बिघडवत व्हतो, आन् परत देताना पुसून देत व्हतो! सांगलीच्या कागदावर दमट हवा लिव्हलंय, ते बी खरं न्हाई! चूक माझी हाय!"

मिठाईवाल्याने कढईखालचा गॅस बंद केला. रांगेत कुणी हललं नाही. कोंडीबाच्या डोळ्यांत मात्र काहीतरी झरझर सरकून गेलं. त्याने परवाच टीव्हीचा रिमोट खोलून साफ केला होता.

"यशराज," हंबीरराव म्हणाले, आता जरा खाली, "त्या दिवशी मी तुला बोलू दिलं न्हाई. आता बोल. आमी ऐकतोय."

पंधरा दिवस यशराज मनात रोज हे भाषण करत होता, आणि आता ऐकायला त्रेचाळीस माणसं सावधान उभी होती. भाषण आलंच नाही. आलं ते वेगळंच.

"काका, मला वरडलात त्याचं एक वेळ जाऊ द्या," तो म्हणाला. "माझी आई मंडईत गेली. तिथं एक बाई तिला म्हनाली, तुझा पोरगा जवानास्नी फसवतो. आई भाजी न घेता घरी आली. तवापास्नं मंडईत गेली न्हाई. तुमी फीत कापली त्या दिवसाचा फोटो तिनं देव्हाऱ्याशेजारी लावला व्हता काका."

याला उत्तर देण्याचा कुठलाही हुकूम परेडच्या पुस्तकात नव्हता. हंबीररावांनी शोधला, पण सापडला नाही. मग त्यांनी टोपी काढली आणि हातात धरून, मान खाली घालून ते उभे राहिले. परेडवर बिनटोपीचा सुभेदार रांगेतल्या कुणी आजवर पाहिला नव्हता. पुढच्या रांगेतल्या दोघांना तर साहेबांना टक्कल आहे हे त्या दिवशी कळलं.

अजिंक्यताऱ्याकडून गार वारं सुटलं होतं. यशराज पायरी उतरून खाली आला, हंबीररावांच्या अगदी समोर. त्याने त्यांच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं.

"घाला ती टोपी काका," तो म्हणाला. "गारठा लय हाय."

हंबीररावांनी न ऐकल्यासारखं केलं. "तुजी आई घरी हाय का?" त्यांनी विचारलं.

"हाय की."

"मग चल," ते म्हणाले, आणि टोपी तशीच हातात धरून पुढे झाले. त्यांच्या मागून यशराज, आणि कुणी हुकूम न देता त्याच्या मागून त्रेचाळीस जण चालायला लागले.